गिटारची मागची बाजू

तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राचं उत्तर काकांनी अजून दिलेलं नव्हतं.

लिहिलं नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. लिहिलं होतं, मोजून एकतीस वेळा. काकांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर माणसाची अशी गत होते की स्वतःचं साधं वाक्यसुद्धा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं दिसतं. 'तुझे पत्र मिळाले' असं लिहावं, तर मनात येई, मिळालं नसतं तर उत्तर कशाला लिहिलं असतं? खोडा. 'उशीर झाला, क्षमस्व' लिहावं, तर क्षमस्व हा शब्द 'आज दुकान बंद आहे' या पाटीखाली शोभणारा. खोडा. सगळं खोडून झालं की कागदावर फक्त तारीख उरे आणि तोवर तीही शिळी झालेली असे.

पत्र मुलीचं होतं. एकुलत्या एका मुलीचं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर दोन महिन्यांनी तिने ते पाठवलं होतं आणि काकांना ते तोंडपाठ होतं:

'बाबा, माझी गिटार कपाटावर आहे. तुमच्याकडे ठेवून आलेय. निघण्याआधी बोलायचं होतं, जमलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मी एकटीने वाजवायला सुरुवात केली आणि तुम्ही दुसऱ्या रांगेतून उठून बाहेर गेलात. स्टेजवरून सगळं दिसतं. परत आलाच नाहीत. तुम्हाला माझं वाजवणं कधी आवडलंच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.'

संपलं पत्र. कागदाच्या अगदी तळाशी तो पूर्णविराम. खाली ना सही, ना 'तुमची', ना काही. बिनसहीचं पत्र म्हणजे बोलता बोलता दार आपटून निघून जाणं. तो धक्का काका तीन वर्षं पचवत होते.

खरी हकीकत एवढीच होती, की त्यांना खोकला आला होता. सभागृह गच्च भरलेलं, मुलगी एकटी दिव्याखाली उभी, गिटारचा सूर इतका हळू की शेजारच्याचं घड्याळ ऐकू यावं. आणि अशा वेळी घशात खवखव सुरू झाली. काकांनी ती गिळली. पुन्हा वर आली. चेहरा वांग्यासारखा झाल्यावर ते उठले, बाहेर जिन्यात गेले, तोंडात रुमाल कोंबला आणि बंद दाराला कान लावून पूर्ण वीस मिनिटं ऐकत राहिले. रखवालदाराने पाणी आणून दिलं. पण घरी आल्यावर 'मला खोकला आला होता' हे सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. कारण ते खरं असलं तरी शाळा बुडवलेल्या पोराच्या चिठ्ठीसारखं वाटत होतं.

तर हे एकतीस खर्डे. छापखान्याच्या शिस्तीप्रमाणे कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेले. पाठच्या कोऱ्या बाजू वाया जाऊ नयेत म्हणून काकू त्यांच्यावर किराण्याच्या याद्या करत. त्यामुळे घडलं असं, की नाक्यावरच्या दुकानदाराला काकांच्या घरातली सगळी भानगड ठाऊक झाली. एकदा साबणाच्या वड्या पुड्यात भरता भरता तो म्हणालासुद्धा, "काका, 'खोकला अनावर झाल्यामुळे' हे जरा सरकारी वाटतं. गेल्या महिन्यातलं जास्त मनापासून होतं. ते का नाही पाठवलंत?"

काका त्यानंतर सहा महिने दुसऱ्या दुकानात जात होते.

अशी सगळी व्यवस्था लागलेली असताना एका सोमवारी काकू फोन ठेवून आत आल्या.

"लेकीचा फोन होता. पुन्हा वाजवायला लागलीय म्हणे. रविवारी नवी गिटार घेतेय."

"नवी कशाला? तिची आहे की इथे."

"मी तेच म्हटलं. तर म्हणाली, बाबांनी आपणहून पाठवली तर घेईन, मी मागणार नाही."

काकांनी वर कपाटाकडे पाहिलं.

"आणि विचारत होती, अजून लिहितायत का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"तीन वर्षं सांगतेय तेच. लिहितायत. पण अहो, दर वेळी हसते, या वेळी हसली नाही. 'राहू दे आई, आता नको त्यांना आठवण करूस' एवढंच म्हणाली." काकूंनी पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "मला काही ते बरं नाही वाटलं. तुमच्या दोघांच्या मधे मी पडत नाही, माहितीये तुम्हाला. पण आता पडावंसं वाटतंय."

मुलीने आठवण करून द्यायचंच सोडलं! काका शब्दकोशाकडे गेले, त्यात जपून ठेवलेलं पत्र काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. रविवारच्या आत. रविवारी नवी गिटार आली की जुन्या गिटारीबरोबर जुना बापही कायमचा कपाटावर जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. मग त्यांच्या मनात आयुष्यातला पहिला धाडसी विचार आला. उत्तर लिहायचंच कशाला? गिटारच पाठवून द्यावी! एकतीस पत्रांना जमलं नाही ते एक पार्सल करील. शिवाय पार्सलमध्ये वाक्यरचना नसते.

मंगळवारी दहाला काका टपाल कार्यालयाच्या पार्सल खिडकीपुढे हजर. पाठीवरची गिटारची काळी पिशवी त्यांच्या डोक्याच्या चार बोटं वर निघत होती. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म सरकवला. बाराव्या रकान्यात छापलं होतं, 'वस्तू चालू स्थितीत आहे / नाही. नको ते खोडावे.'

काकांचा पेन हवेत थांबला.

"काय अडलं?" कारकून म्हणाला.

"हे चालू आहे की नाही, म्हणजे… तीन वर्षं कपाटावर होती."

"मग बंद लिहा."

"बंद असं ठामपणे म्हणता येणार नाही."

"मग चालू लिहा."

"तसंही ठामपणे…"

"काका, पंखा असो, मिक्सर असो, माणूस असो, दोनच प्रकार. चालू नाहीतर बंद. खाली सही आहे तुमची. उद्या तिकडून तक्रार आली की मला विचारतात."

मागच्या रांगेतून सल्ले आले. एक म्हणाला, खोडा काहीही, कोण बघतंय. दुसरा म्हणाला, 'लागू नाही' लिहा, मी मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा तेच लिहिलं होतं. पण ज्याने चौतीस वर्षं 'छापण्यास योग्य' या शब्दांखाली सही केली आणि प्रत्येक सहीनंतर झोप घालवली, तो माणूस न तपासता खोडणार कसा?

"आणि शुक्रवारी चारच्या आत आणा," कारकून म्हणाला. "तरच रविवारी सकाळी पोचेल. आत चिठ्ठीचपाटी घालायची नाही. पत्र वेगळं टाकायचं."

काका गिटार घेऊन घरी आले.

पिशवी उघडली तेव्हा त्यांना पहिला धक्का बसला. गिटार लाल होती. तीन वर्षं ते तिला मनातल्या मनात काळी समजत होते, कारण पिशवी काळी होती. तारा गंजून तांबूस झाल्या होत्या. काकांनी भीत भीत एक तार छेडली. डबीत अडकलेल्या माशीसारखा आवाज आला.

एवढ्यात दारात वरच्या मजल्यावरचे वायरमन उभे. हे निवृत्त झाले होते. पण वायर असलेली कुठलीही वस्तू आपल्या खात्यात येते, ही त्यांची श्रद्धा निवृत्त झाली नव्हती. जिन्यातून गिटार जाताना त्यांनी पाहिली होती.

"इलेक्ट्रिक आहे ना? मग मला बोलवायचं सोडून तुम्ही हात कसा लावलात?" त्यांनी तार छेडली. "आवाज गेलाय हिचा."

"ती वायर लावल्याशिवाय असाच येतो म्हणे."

"शुद्धिपत्र काका, तुम्ही अक्षरं बघा, हे मी बघतो."

इमारतीत काकांचं नाव शुद्धिपत्र पडलं होतं. सोसायटीच्या एका सूचनेखाली त्यांनी रात्रीतून दुरुस्त्यांची पट्टी चिकटवली होती, तेव्हापासून. तर वायरमननी मुलीचा जुना स्पीकर पलंगाखालून ओढला, वायर जोडली आणि बटण मुरडलं. किती मुरडावं याला काही सुमार असतो. जो आवाज झाला त्याने भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, काकू बाथरूममधून "कोण पडलं?" म्हणून ओरडल्या आणि खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई हातात कात्री तशीच घेऊन वर आली.

"सप्लाय ठीक आहे," वायरमन शांतपणे म्हणाले. "दोष तारांत आहे. बदला."

काकांना हे पटलं. कोणत्याही कामाला बसण्याआधी त्यावरचं पुस्तक वाचायचं, हा त्यांचा नियम. ग्रंथालयातून त्यांनी तंतुवाद्यांच्या निगेवरचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात पहिल्या चाळीस पानांत सतरा मुद्रणदोष सापडले, त्यामुळे बुधवारची सकाळ आनंदात गेली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, 'प्रथम सर्व तारा काढून वाद्य स्वच्छ पुसून घ्यावे.' ते वाक्य निर्दोष होतं. निर्दोष वाक्यावर काकांचा फार विश्वास.

तारा आणायला ते वाद्यांच्या दुकानात गेले. विक्रेत्याने विचारलं, "कितीच्या देऊ?"

"कितीच्या म्हणजे?"

"नऊ, दहा, अकरा, बारा. जाडीचा नंबर."

काकांनी विचार केला. चपला, दोरी, शब्दकोश. कुठलीही गोष्ट जाड असली की टिकते, हा सत्तर वर्षांचा अनुभव. "बाराच्या द्या," ते म्हणाले. विक्रेत्याने एकदा तारांकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं, पण गिऱ्हाईक वयस्क असलं की दुकानदार वाद घालत नाहीत. हीच समाजाची मोठी चूक आहे.

घरी काकांनी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. ते आधी वाचून काढलं. मग पिशवीच्या कप्प्यात सापडलेल्या षटकोनी चावीने, म्हणजे एलन कीने, कामाला सुरुवात केली. गिटारच्या पोटावर एक धातूची पट्टी होती. हिला ब्रिज म्हणतात, ही माहिती पुस्तकातली. सहा तारांची टोकं ब्रिजवरच्या सहा छोट्या चिमट्यांत आवळलेली. काकांनी पहिली तार सोडली. दुसरी सोडली. तिसरीला ब्रिज किंचित कुरकुरला, तिकडे त्यांनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं. सहावी सोडली आणि…

'खटाक!'

ब्रिज आत गेला. गिटारच्या पोटात, मागच्या बाजूने, दात पाडलेल्या माणसाच्या ओठासारखा खचून बसला. काकांच्या हातातली एलन की उडून चहाच्या कपात पडली.

"काय पडलं?" काकू आतून.

"काही नाही," काका म्हणाले. "ब्रिज."

"कुठला?"

काका दहा मिनिटं नुसते बघत बसले. आपण हात लावला की वस्तू मरते, अशी त्यांची स्वतःबद्दल एक जुनी शंका होती. तिला आज पुरावा मिळाला. लेकीने विश्वासाने एकच गोष्ट सांभाळायला दिली आणि ती आपण पुसण्यासाठी मारली.

वायरमन आले, त्यांनी ब्रिज दाबून पाहिला. "घाबरू नका. तारा चढवल्या की ओढला जाईल वर." त्यांनी पकडीने नव्या तारांच्या टोकांचे पितळी मणी तोडून दिले, कारण जुन्या तारांनाही मणी नव्हते. या सगळ्या प्रकरणात त्यांनी केलेलं बरोबर काम हे एवढंच.

तारा चढल्या. आणि गुरुवारचा दिवस असा उजाडला की तसा शत्रूवरही उजाडू नये. काका पहिली तार सुरात आणत. दुसरी आणली की पहिली ढिली. दोन्ही आणून तिसरीला हात लावावा, तर आधीच्या दोघी रुसलेल्या. एकत्र कुटुंबातल्या सहा जावा एका वेळी खूश ठेवायच्या, तशातला प्रकार. आणि प्रत्येक फेरीला ब्रिज मागून वर वर उचलला जात होता. काल जो पोटात गेला होता तो आज टेबलाचा अर्धवट उघडा ड्रॉवर झाला. दुपारपर्यंत तारा दांडीपासून इतक्या उंच गेल्या, की शिवणकामवाली बाई म्हणाली, "काका, यावर कपडे वाळत घालता येतील."

"काहीतरी खाली दाबून धरत असलं पाहिजे," वायरमन म्हणाले आणि ब्रिजवर काकांचा जाड शब्दकोश ठेवला.

"त्यावर नको!"

"मग बसा तुम्ही त्यावर."

काका बसले नाहीत. पण वाकून बघायला गेले. त्याच क्षणी सगळ्यात बारीक तार 'ट्टण्' करून तुटली आणि तिचं टोक काकांच्या डाव्या कानाला चाटून गेलं. उरलेल्या पाचही तारा एका सुरात किंचाळल्या. शब्दकोश खाली वायरमनच्या पायावर. काकू, शिवणकामवाली बाई आणि जिन्यातून जाणारा दूधवाला, तिघं एकदम आत.

कानाला पट्टी लागली. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी होती, की शुद्धिपत्र काकांना घरात मार बसला. सोसायटीच्या सचिवांनी जिन्यात काकूंना गाठून हळू आवाजात सांगितलं, "वहिनी, माणूस चुका काढतो हे खरं, पण हात उचलू नये."

काकूंनी रात्रीचं ताट वाढलं आणि समोर बसल्या. "अहो, एक विचारू? तुम्हाला येतं का यातलं काही?"

"नाही."

"मग येतं त्याच्याकडे न्या की! छापखान्यात चूक दिसली की लेखकाला विचारायचात ना? की स्वतःच त्याची कादंबरी लिहायचात?"

काकांना हे इतकं साधं सुचलं नव्हतं, याचाच त्यांना धक्का बसला.

शुक्रवारी सकाळी वाद्यांच्या दुकानातून पत्ता मिळाला. सायकलच्या दुकानामागे एक बाई गिटारी दुरुस्त करतात. कानाला पट्टी आणि पाठीवर गिटार असे काका भर रस्त्याने निघाले. केशकर्तनालयातून न्हावी दाराशी आला. "काका, कार्यक्रम कुठाय?" बसथांब्यावरच्या दोन मुली बाजूला सरकून आदराने म्हणाल्या, "बसा ना सर." जन्मभर कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. काका उभेच राहिले. अशा सन्मानावर बसणं त्यांना खोटेपणाचं वाटलं.

दुरुस्तीवाल्या बाई पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. खोलीच्या भिंतीवर मानेने टांगलेल्या गिटारी. काकांनी पिशवी उघडली. बाईंनी ब्रिज पाहिला, तारा पाहिल्या, काकांचा कान पाहिला.

"बाराच्या चढवल्यात?"

"टिकाऊ म्हणून."

"आणि आधीच्या सगळ्या एकदम काढल्या."

"पुसण्यासाठी," काका पुटपुटले. "पुस्तकात तसं…"

बाईंनी गिटार उचलली आणि टेबलावर पालथी घातली. मागे एक पातळ झाकण होतं, सहा स्क्रूंचं. त्यांनी ते काढलं. आत एक खोबण आणि तिच्यात तीन जाड स्प्रिंगा ताणून बसवलेल्या.

काका बघतच राहिले. चार दिवस त्यांनी गिटार पुढून पाहिली होती, तिच्यासाठी रक्त सांडलं होतं, आणि तिला पाठ आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मागची बाजू बघितलीच नाही तुम्ही?"

"नाही," काका म्हणाले. "म्हणजे… आहे हे माहीत नव्हतं."

"पुढून सहा तारा ओढतात, मागून या स्प्रिंगा ओढतात. दोन्हीकडचा जोर सारखा, म्हणून ब्रिज मधल्या मधे सरळ तरंगतो. तारा काढल्यात, स्प्रिंगांनी आत ओढला. जाड तारा घातल्यात, त्यांनी वर उपटला. मेलं-बिलं काही नाही." बाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "आधी कितीच्या होत्या?"

"कल्पना नाही."

"ज्याची आहे त्याने काही सांगितलं नव्हतं? अशा तरंगत्या ब्रिजच्या गिटारी सांभाळायला देताना सांगतात लोक."

"मुलीची आहे. तिने पत्र लिहिलं होतं, पण त्यात हे नाही. मला पत्र पाठ आहे." आणि काकांनी म्हणून दाखवलं. 'हे मला त्या दिवशी कळलं' इथवर, पूर्णविरामासकट.

बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बघू?"

काकांनी खिशातून कागद काढून दिला. बाईंनी चष्मा खाली ओढला, पत्र वाचलं. आणि गिटार पालथी घातली तितक्याच सहजपणे कागद उलटा केला.

"हे काय, इथे लिहिलंय की. नऊच्या."

"कुठे?"

"मागे."

छापखान्यात भिंतीवर पाटी होती, 'कागदाच्या एकाच बाजूला लिहावे.' दोन्ही बाजूंनी लिहिलेला मजकूर काका उंबऱ्यावरूनच परत पाठवत. चौतीस वर्षांत हातातल्या कागदाला पाठ असते, हे ते विसरूनच गेले होते. घरातल्या कागदाच्या पाठीवर असते ती किराण्याची यादी.

"वाचू?" बाईंनी विचारलं. काकांनी मान हलवली असावी.

"'असं मी दोन महिने धरून बसले होते. परवा कार्यक्रमाच्या फोटोंसाठी सभागृहात फोन केला, तर रखवालदार म्हणाले, तुमचे बाबा बरे आहेत का? तोंडात रुमाल घालून जिन्यात उभे होते, आत जा म्हटलं तर म्हणाले, मुलगी वाजवतेय, खोकला गेल्यावर जाईन. बाबा, मी फोनवरच हसत सुटले. मग रडले. सांगायचं नाही का? आता एक काम करा. गिटार पुसत राहा. तारा नऊच्या आहेत. बदलायच्या झाल्या तर एकेक बदला, सगळ्या एकदम काढू नका, नाहीतर ब्रिज आत जाईल आणि तुम्ही उगाच घाबराल.'"

बाईंनी काकांच्या कानाकडे पाहिलं आणि पुढे वाचलं.

"'आणि उत्तर पाठवा. एक ओळ चालेल. चुका असल्या तरी चालेल. नाही आलं तर मी समजेन की राग तुम्हाला आहे. तुमची…' आणि खाली सही आहे."

सही होती. तीन वर्षं होती.

"हे मागे कोणी लिहिलं?" काकांनी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न त्यांनी जन्मात विचारला नव्हता. बाईंनी एक स्टूल पुढे सरकवलं आणि काका त्यावर, ते तिथे आहे की नाही हे न बघता, बसले.

मुलगी तीन वर्षं उत्तराची वाट पाहत होती. बाप रागावलाय असं समजून. आणि आई फोनवर सांगत होती, लिहितायत. कुठल्या रागाचा माणूस इतकं लांबलचक लिहीत असेल, असं वाटलं असेल तिला!

बाईंनी जाड तारा काढल्या. काढण्याआधी ब्रिजखाली लाकडाची पाचर सरकवली. तो जागचा हलला नाही. नऊच्या तारा चढल्या, पाचर निघाली. मागच्या स्प्रिंगा धरणाऱ्या स्क्रूला त्यांनी अर्धा फेरा दिला, सूर लावला, पुन्हा पाव फेरा, पुन्हा सूर. लोखंडी पट्टीने तारांची उंची मोजली. ब्रिज टेबलासारखा सपाट आला. मग त्यांनी गिटार स्पीकरला जोडली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"छेडा."

"मला येत नाही."

"चालू आहे का ते तर बघायचंय ना तुम्हाला?"

काकांनी एक तार छेडली. स्वच्छ, लांब, खोलीभर पसरणारा सूर निघाला. जिन्यातल्या बंद दारामागून ऐकला होता तोच. काकांच्या घशात खवखव सुरू झाली. या वेळी ते उठून गेले नाहीत. खोकले, चांगले पोटभर खोकले. बाईंनी पाणी दिलं.

साडेतीनला काका पार्सल खिडकीशी होते.

"चालू की बंद?" कारकुनाने विचारलं.

"चालू," काका म्हणाले आणि 'नाही' हा शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला. दुसरा फॉर्म घ्यावा लागला.

"आत चिठ्ठी?"

"नाही. ती वेगळी टाकणार आहे."

टपाल कार्यालयाच्या दोरीला बांधलेल्या पेनाने, उभ्या उभ्या, काकांनी बत्तिसावं उत्तर लिहिलं. पेन मधेच अडत होता. शेजारी एक गृहस्थ डिंकाची बाटली झटकत होते, तिचे दोन थेंब कागदावर पडले. काका लिहीत राहिले.

'बाळ, राग कधीच नव्हता. खोकलाच होता. तुझ्या पत्राची मागची बाजू आज वाचली. इतकी वर्षे पुढचीच वाचत होतो. गिटार पाठवतो आहे. मी सगळ्या तारा एकदम काढल्या, ब्रिज आत गेला आणि मी घाबरलो. आता सरळ आहे. तारा नऊच्या.'

खाली, कागदाच्या अगदी तळाशी, त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मागे पाहा'. त्याखाली दोन रेघा मारल्या. कागद उलटायची हाताला सवय नव्हती. आणि मग काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाठपोट लिहिलं.

'जिन्यात सगळे ऐकू येत होते. शेवटी तू जिथे अगदी सथ वाजवलेस, तिथे मी खोकला विसरलो. पुढच्या वेळी खोकला आला तरी आतच बसेन. तुझे बाबा.'

पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, पेटीच्या फटीत सोडलं. आत ते कशावर तरी आपटल्याचा हलका आवाज झाला.

आणि त्याच क्षणी काकांच्या डोळ्यांपुढे ती ओळ उभी राहिली. दुसऱ्या बाजूची. 'संथ'वरचा अनुस्वार राहून गेला होता! हात आपोआप फटीत शिरला आणि चार बोटांपुढे जाईना.

खिडकीतून कारकून ओरडला, "काय हो काका, काही राहिलं का आत?"

काकांनी हात बाहेर काढला.

"राहिलंय," ते म्हणाले. "राहू दे."